झाकलेलं क्षेत्रफळ

सकाळी पडद्यावर टेकड्या उगवल्याच नाहीत. एरवी पट्टी आम्लात सोडली, विजेचा दाब सावकाश खालीवर फिरवायला सुरुवात केली, की पडद्याच्या डाव्या अंगाला दोन टेकड्या शेजारीशेजारी वर येतात, एक बुटकी, एक जरा अंगानं भरलेली. त्या दिसल्या की मला बरं वाटतं. घरी परतल्यावर दारातल्या चपला बघून सगळी माणसं आत आहेत हे कळावं, तसं. आज तिथे नुसती एक पसरट, सुजल्यासारखी रेघ होती. मी खुर्ची पुढे ओढली, तारांचे चिमटे दाबून पाहिले, नायट्रोजनची नळी नीट बसली आहे ना ते पाहिलं, डोळे मिटून उघडले. रेघ होती तशीच. यंत्रानं इमानेइतबारे खाली आकडा टाकला होता: हवं त्याच्या निम्मंही क्षेत्रफळ नाही. यंत्राला काय, त्याला सासू नसते.

आमच्या कारखान्यात कानात बसवायच्या पट्ट्या तयार होतात. शिवणाच्या दोऱ्याएवढी मऊ, लवचीक पट्टी, तिच्यावर प्लॅटिनमचे बारीक तुकडे ओळीनं बसवलेले. डॉक्टर ती कानाच्या आत, शंखासारखं वळण आहे तिथे अलगद सरकवतात, आणि मग बाहेरचा आवाज विजेच्या टिचक्या होऊन त्या तुकड्यांवाटे थेट नसेला पोचतो. ज्यांना शेजारी भांडं पडलेलं कळत नव्हतं अशा माणसांना पुढे फोनवर भांडताना मी पाहिलंय. माझं काम त्या तुकड्यांचं क्षेत्रफळ मोजण्याचं. नवीन माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो, त्यात काय मोजायचं, लांबी गुणिले रुंदी. ते झालं कागदावरचं क्षेत्रफळ. धातू वरून कितीही गुळगुळीत दिसला तरी अगदी जवळून तो सगळा खाचखळगे आणि कपारी असतो, आणि वीज त्या प्रत्येक कपारीत शिरते. म्हणून आम्ही त्याच्यावर हायड्रोजन बसवून पाहतो. आम्लातला हायड्रोजन प्लॅटिनमवर एकाच थरात बसतो, एका जागेवर एक, कुणी कुणाच्या मांडीवर नाही, आणि दाब उलटा फिरवला की उठून जातो. बसायला-उठायला जेवढी वीज लागली तेवढ्या जागा. जेवढ्या जागा तेवढं खरं क्षेत्रफळ. त्या दोन टेकड्या म्हणजे या बसाउठीची खूण. क्षेत्रफळ आहे त्यापेक्षा जास्त समजून वीज सोडली तर तुकडा आतल्या आत झिजतो, आणि ज्या नसेला जागं करायचं तीच भाजते. म्हणून आकडा कमी आला की सगळा लॉट बाद. त्यात दयामाया नाही, असूही नये.

आणि हा लॉट ज्या इस्पितळाकडे निघाला होता तिथेच माझ्या सासूबाईंच्या कानाचं ऑपरेशन ठरलं होतं. लॉट बाद झाला तर ऑपरेशन पुढच्या लॉटपर्यंत लांबणार, आणि तो कधी येईल ते कुणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते की कान जितका जास्त काळ गप्प राहील तितकी आतली नस आळसावते. पण मला खरी धास्ती नसेची नव्हती. सासूबाईंचा होकार ही फार नाजूक वस्तू होती. किती तरी दिवस नाही नाही म्हणून झाल्यावर एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून, स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्यामुळे अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या होत्या, “घाला एकदाचं ते तुमचं प्लॅटिनम माझ्या डोक्यात. पण सूनबाईनं मोजलेलंच हवं. आणि एकदा ठरलेलं पुढे ढकललंत, तर मग मला परत विचारायला येऊ नका.” त्या हे गमतीत म्हणाल्या नव्हत्या. आयुष्यात त्यांनी दोनदा कुणाला काही विचारलं नाही आणि दोनदा कुणाला विचारूही दिलं नाही.

प्रत्येक लॉटमधली एक पट्टी चाचणीसाठी बळी जाते. ती पुन्हा कुणाच्या कानात जात नाही, तिच्यावरून बाकीच्यांचं नशीब ठरतं. मनासारखा आकडा येईपर्यंत पट्ट्या बदलत बसायचं नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम, एकदा सफाई करायला परवानगी, तीही ठरलेल्या फेऱ्यांपुरती, कारण सफाई जास्त झाली की ती स्वतःच धातू खरवडते आणि मग आपण जे मोजतो ते आपणच तयार केलेलं असतं. मी पडद्यासमोर बसून होते आणि एकच प्रश्न डोक्यात घोळत होता: क्षेत्रफळ झाकलं गेलंय, की मुळात नाहीच? पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात. कपारींवर कसला तरी थर बसला असेल तर हायड्रोजनला बसायला जागा मिळत नाही. आणि कपारीच नसतील तरीही मिळत नाही. रेघ दोन्ही वेळा तितकीच सपाट.

सासूबाईंच्या बाबतीतही सगळ्यांनी असंच धरलं होतं, की आता तिथे काही नाहीच. मी मात्र कधी तसं धरलं नाही, कारण तिथे काय काय होतं ते मी आधी मोजलेलं होतं. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. डोक्यावर तो पट्टा, एक कान झाकलेला, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या, आणि तोंडात कायम दोन वाक्यं: “धरून ठेवा” आणि “जोडून देते.” घरीसुद्धा. जेवायला वाढताना मुलगा काही मागू लागला की “धरून ठेव जरा,” मग भांड्यातून वाढून झालं की “दिलं जोडून.” त्यांच्या खात्यात एक अलिखित कायदा होता की चांगल्या ऑपरेटरनं नंबर दुसऱ्यांदा विचारायचा नाही. पलीकडे वादळ असो, रडणं असो, दारू प्यालेला माणूस असो, आकडा पहिल्या झटक्यात पकडायचा. जी “काय?” म्हणाली ती कच्ची. सासूबाई कधी कच्च्या नव्हत्या. मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घाबरत घाबरत म्हणाले की मला पुढे शिकायचंय, तर नवरा म्हणाला, “बघू,” शेजारची बाई म्हणाली, “आता कशाला?” आणि सासूबाई म्हणाल्या, “फॉर्म कधी मिळतात?” बस. त्यांनी ड्युटी बदलून घेतली. मी परत येईपर्यंत माझी मुलगी त्यांच्या मांडीवर झोपलेली असायची आणि त्यांचा पाय मुंग्या येऊन बधिर झालेला असायचा, पण तिला खाली ठेवायच्या नाहीत, कारण ठेवली की उठेल. मी दारातून आत आले की, अजून पिशवी खाली ठेवली नाही तोच, त्यांचा प्रश्न ठरलेला: “किती भरलं?”

म्हणजे आज क्षेत्रफळ किती भरलं. तेव्हाही माझं काम प्लॅटिनमच्याच तारेवर होतं. माझ्या प्रबंधाची उत्सुकता जगात फक्त दोन माणसांना होती, एक माझे मार्गदर्शक, ज्यांना त्याचा पगार मिळत होता, आणि दुसऱ्या या. सुरुवातीला मी नुसतं “बरंय” म्हणायचे. मग एक दिवस त्यांनी मला खाली बसवलं, म्हणाल्या, “बरंय हा आकडा नाही. आकडा सांग.” तेव्हापासून मी आकडा सांगू लागले, आणि कालच्यापेक्षा कमी आला तर त्या कपाळाला आठ्या घालून “अरे वा, हे काय झालं,” असं म्हणायच्या, घरातल्या दुधाचा हिशेब चुकल्यासारखं. मी एकदा त्यांना सगळं समजावून सांगितलं, खाचखळगे, हायड्रोजन, बसाउठी. त्या म्हणाल्या, “समजलं. बोर्डाला भोकं किती ते नाही, खरोखर लाइनी किती लागतात ते.” तुलना तंतोतंत नव्हती. पण मी आजही नवीन माणसांना तीच सांगते आणि कुणाची ते सांगत नाही, ती तेवढी माझी स्वतःची ठेव आहे. एकदा माझे महिन्याभराचे आकडे फुकट गेले, आम्लातच दोष होता, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून रडत होते. तेव्हा त्यांनी काही शहाणपण शिकवलं नाही. पाणी दिलं आणि म्हणाल्या, “उद्या परत मोज. आकडा कुठे पळून जातोय?” दुसऱ्या दिवशी मी परत मोजलं. एवढंच. माणसाला बहुतेक वेळा एवढंच लागतं आणि तेवढंही द्यायला घरात कुणी नसतं. माझ्या घरात होतं. याचं मला अजून नवल वाटतं, रोज वाटतं.

कान गेले ते हळूहळू. आधी त्या फोनला नावं ठेवू लागल्या. मग माणसांना: “हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात.” मग आम्ही हसलो की त्या अर्ध्या क्षणानं मागून हसायच्या, आणि एकदा माझ्या मैत्रिणीनं वडील गेल्याचं सांगितलं तेव्हाही तशाच हसल्या. तिच्या चेहऱ्यावरून त्यांना काय झालं ते कळलं. त्या रात्री जेवल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी एक नवी रीत काढली. कुणी काही बोललं की ओठांकडे बघायचं, मान हलवायची आणि म्हणायचं, “हो का? छान.” वाईट बातमी असेल तर समोरच्याचा चेहरा बघून “छान” गाळायचं. “काय?” मात्र त्या कधी म्हणाल्या नाहीत. कानाला लावायची यंत्रं आणली, त्यांनी फक्त कोलाहल वाढला. आम्ही पाटी आणली, खडू आणला, तर त्यांनी ती पाटी नातीच्या जुन्या खेळण्यांत नेऊन ठेवली, म्हणाल्या, “अजून मी शाळेत नाही घातलेली.” आणि हळूहळू त्यांनी प्रश्न विचारणंच बंद केलं, कारण प्रश्न विचारला की उत्तर येतं. एका संध्याकाळी मी दारातून आत आले, पिशवी हातात धरून उभी राहिले, आणि त्या माझ्याकडे बघून गोड हसल्या. नुसत्या हसल्या. मी पिशवी खाली ठेवली. दारात जरा थांबायची सवय मात्र माझी काही गेली नाही, अजून गेलेली नाही.

“बाई, इथे कुणी गुडघ्याला काही चोळलंय का?”

दाराशी दशांश उभे होते. आमच्या मोजणीखोलीतले माझे जोडीदार. चहात साखर किती म्हणून विचारलं तर पाव चमचा न म्हणता “शून्य पूर्णांक पंचवीस” म्हणतात, म्हणून त्यांचं हे नाव, आणि ते त्यांना ठाऊक आहे. त्यांचं नाक यंत्रापेक्षा तेज. मी म्हणाले, इथे कोण कशाला गुडघे चोळेल. आणि म्हणता म्हणता माझे हात नाकाशी गेले.

सासूबाईंची बोटं सकाळी आखडलेली असतात. रोज सकाळी निघायच्या आधी मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसते आणि एकेक बोट मलम लावून चोळते, पेरापेरानं, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत. कान गेल्यापासून आमचं बोलणं म्हणायचं तर तेवढंच. कुठे दुखतं ते बोट सांगतं, आणि मी दाब कमी करते. मग मी साबणानं हात धुते, दोनदा धुते, कारण आमच्या खोलीत क्रीम, तेल, अत्तर या गोष्टींना बंदी आहे. प्लॅटिनमला असल्या स्निग्ध गोष्टी लागलीच चिकटतात आणि कपारी लिंपून टाकतात. आज निघताना त्यांनी माझा हात सोडला नाही. आज मोजणी आहे हे त्यांना माहीत होतं. धरून बसल्या, मी घड्याळाकडे बघितलं, त्या हसल्या, आणि मग मला उशीर झाला आणि हात धुतला तो घाईत, एकदाच. कारखान्यात येऊन त्याच हातांनी मी हातमोजे ओढले, बोटांच्या टोकांना धरून, बाहेरच्या बाजूनं. आणि त्या टोकांनी पट्टी उचलली. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात नवशिक्यांना जे करू नका म्हणून सांगतात तेच, आणि सांगणारी मी. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तारा तपासत होते, आम्ल तपासत होते, वायू तपासत होते, आणि चोर माझ्याच हातावर मलम होऊन बसला होता.

हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली. मलम असेलही. पण मलम असावं अशी माझी इतकी इच्छा होती की मी माझ्याच नाकावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. थराखाली क्षेत्रफळ कमीही असू शकतं. दोन्ही एकदमही असू शकतं.

“माझ्या हाताचं मलम लागलंय,” मी म्हणाले. “सासूबाईंच्या बोटांना लावते ते.”

दशांशांनी चष्मा वर ढकलला. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. ते म्हणाले, “मी एकदा दाढीनंतर गालाला लावायचं ते लावून आलो होतो. तीन लॉट बाद. तेव्हा तुम्ही इथे नव्हता, नाहीतर माझं नाव दशांश पडलं नसतं, दुसरंच काही पडलं असतं.” मग ते पडद्यावर वाकले. “सफाई करा. मळ असेल तर जाईल. धातूच कमी असेल तर पालथ्या घड्यावर पाणी.”

“आणखी एक आहे,” मी म्हणाले. “या लॉटमधली एक पट्टी आमच्या घरी येणार आहे. सासूबाईंना.”

ते सरळ उभे राहिले. या कामात एक जागा अशी आहे की तिथे यंत्र उपयोगाचं नाही. हायड्रोजन बसतो तेव्हा त्याच्याबरोबर काही वीज नुसती दाराशी गर्दी करून उभी राहते, आत जाऊन बसत नाही. ती वजा करावी लागते. ती किती, हे टेकड्यांच्या पायथ्याशी हातानं एक आडवी रेघ मारून ठरवायचं. रेघ केसभर खाली आली की क्षेत्रफळ वाढतं, केसभर वर गेली की घटतं. इतकी वर्षं ती रेघ मी मारते आणि माझ्या हातावर कुणी बोट ठेवलेलं नाही. पण आजचा हात माझा एकटीचा नव्हता. आज तो सुनेचा होता.

“मग रेघ मी मारणार,” दशांश म्हणाले.

“त्यासाठीच सांगितलं.”

“माझी रेघ कडक असते.”

“ठाऊक आहे.”

त्यांनी इतक्या पटकन माझ्या हातातून रेघ काढून घेतली याचा मला क्षणभर राग आला. दुसऱ्या क्षणी एवढं हलकं वाटलं की मी त्यांच्याकडे पाठ करून हातमोजे शोधू लागले. हात धुतले, पुन्हा धुतले, मनगटापासून बोटांपर्यंत खसाखसा, ऑपरेशनच्या आधी डॉक्टर धुतात तसे. जुनं आम्ल ओतून दिलं, काचेचं भांडं तीव्र आम्लात भिजवून शुद्ध पाण्यात उकळवलं, नवं आम्ल भरलं, वायू सोडून त्यातली हवा हाकलली. नवे हातमोजे, मनगटाच्या कडेला धरून. या वेळी दशांश दारात उभे राहून बघत होते, आणि मला ते आवडलं. मग तीच पट्टी सोडली आणि फेऱ्या सुरू केल्या.

फेरी म्हणजे दाब वर न्यायचा, इतका वर की प्लॅटिनमवर गंजासारखा एक पातळ पापुद्रा चढतो आणि तिथला स्निग्ध थर जळतो. मग खाली आणायचा, की पापुद्रा उतरतो. वर, खाली. वर, खाली. प्रत्येक फेरीची रेघ आधीच्या रेघेवर पडते. पहिल्या काही रेघा एकमेकींच्या अंगावर तशाच पडल्या, सुजलेल्या, काही म्हणता काही फरक नाही. मला बसून राहण्यापलीकडे काही करता येत नव्हतं आणि मला बसून राहता येतं, ते मी एका बाईच्या मुंग्या आलेल्या पायाकडे बघून शिकले. ती बाई आत्ता घरी खिडकीशी बसली असेल. तिला रस्ता दिसत असेल, गाड्या, कुत्रा, फळवाला, सगळे तोंडं हलवत जाणारे. एकदा मी त्यांना नकळत बघितलं होतं. दुपारची वेळ, त्या एकट्याच खुर्चीत बसलेल्या, आणि त्यांचे ओठ हलत होते. मी जवळ गेले. त्या अगदी हळू, त्यांना वाटत असेल की मनातल्या मनात, म्हणत होत्या, “धरून ठेवा. धरून ठेवा.” कुणाला, ते मी विचारलं नाही, विचारलं असतं तरी त्या “हो का? छान” म्हणाल्या असत्या. नवऱ्याला सांगितलं तर तो मोठमोठ्यानं आईशी बोलायला गेला, कानाशी तोंड नेऊन, हवापाण्याचं काहीतरी, आणि त्या मान हलवत राहिल्या. तोही बिचारा काय करणार. आपल्या आईच्या शांततेत कुठून शिरायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मला तरी बोटं मिळाली होती.

“ते बघा,” दशांश म्हणाले.

मला दिसत नव्हतं. मग दिसलं. डाव्या अंगाला, जिथे मोठी टेकडी यायला हवी, तिथे नवी रेघ जुन्या रेघेवर बसली नव्हती. जरा सुटली होती. केसभर. पुढची तिच्याहून केसभर. ठरलेल्या फेऱ्या संपत आल्या होत्या आणि टेकड्या वर येत होत्या, घाई नाही, गडबड नाही, आधी मोठी, मग तिच्या कुशीतून बुटकी, एकेका रेघेनं, इतक्या सावकाश की एवढा वेळ आपण जे बघत होतो तेच हे का असा संशय यावा. त्या येत नव्हत्या, खरं तर. होत्याच. फक्त आता त्यांच्यावर कुणी बसू शकत होतं. शेवटच्या काही रेघा पुन्हा एकमेकींवर तंतोतंत पडू लागल्या, म्हणजे आता निघण्यासारखं काही राहिलं नव्हतं, जे होतं ते हे. मी यंत्र थांबवलं आणि उठले.

दशांश माझ्या खुर्चीत बसले. मी खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभी राहिले. बाहेर कारखान्याचं आवार, उन्हात उभ्या सायकली, कुंपणाला टेकून कुणीतरी फोनवर बोलत होतं, हात हलवून हलवून, जणू पलीकडच्याला हात दिसतात. मला रेघ बघायची नव्हती. मी असते तर कुठे मारली असती ते मला पाठ होतं, आणि दशांशांची तिच्या केसभर वर असणार हेही. तेवढ्या केसभरात सगळं होतं. माझ्या मनात आलं, नसलं भरलं तर? तर मी घरी जाईन, त्यांच्यासमोर बसेन आणि तसं सांगेन, त्या “हो का?” म्हणतील आणि “छान” गाळतील, आणि पुन्हा कधी आम्ही तो विषय काढणार नाही. ते मी सोसलं असतं. पण जास्त क्षेत्रफळ दाखवून त्यांच्या नसेवर नको तेवढी वीज सोडणं, ते नाही. हे मला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं आणि तरी मी रेघ दुसऱ्याच्या हातात दिली, याचंच आज मला जास्त बरं वाटतं. माझ्या पाठीमागे बटणांचे आवाज झाले. दशांशांनी एकदा रेघ मारली, पुसली, परत मारली. त्यांचं घसा साफ करणं झालं. मग त्यांनी आकडा वाचला, दशांशचिन्हानंतर तिसऱ्या स्थळापर्यंत.

भरलं होतं. काठोकाठ नाही, पण मर्यादेच्या चांगलं वर. त्यांच्या कडक रेघेनं.

मी त्यांचे आभार मानायला लागले तर ते म्हणाले, “मला कसले? प्लॅटिनमचे माना. मी फक्त वजाबाकी केली.” आणि मग, जाता जाता, दाराशी थांबून, माझ्याकडे न बघता: “मलम संध्याकाळी लावत जा, बाई. बोटांना काय, सकाळ-संध्याकाळ सारखीच.” मी हो म्हणाले. दशांशांना बोटांबद्दल काही कळत नाही, सकाळीच ती जास्त आखडतात. पण सकाळी आता नवरा लावेल. त्यालाही शिरायला जागा हवीच होती.

घरी पोचले तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. दारात मी सवयीनं पिशवी धरून उभी राहिले. सासूबाई हसल्या. मी पिशवी ठेवली, हात धुतले, स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले आणि मलमाची डबी उघडली. संध्याकाळचं मलम का, असं त्यांच्या भुवयांनी विचारलं, पण हात पुढे आला. मी करंगळीपासून सुरुवात केली. त्यांची बोटं पातळ झाली आहेत, पेरं तेवढी मोठी, आणि प्रत्येक पेरावर सुरकुत्यांच्या बारीक घड्या. दोऱ्या खुपसून खुपसून पहिल्या बोटाच्या टोकाला आलेला घट्टा मात्र अजून तसाच, गुळगुळीत आणि कडक. मी तो रोज चोळते. त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या.

“किती भरलं?” त्या म्हणाल्या.

खूप मोठ्यानं. स्वयंपाकघरात नवऱ्याच्या हातून काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. मी मान वर केली. त्या बघतच होत्या. मी आकडा सांगितला, दशांशांनी सांगितला तसाच, तिन्ही स्थळांसह. “बरंय” म्हणाले नाही. त्यांची मान हलायला लागली, ती माझ्या ओळखीची मान, खालीवर, आणि “हो का” साठी ओठांचा आकारही झाला. मग मान मध्येच थांबली. त्यांनी माझी मलमाची बोटं दोन्ही हातांत घट्ट धरली आणि पुढे झुकल्या.

“काय?” त्या म्हणाल्या. “मला नाही कळलं. परत सांग.”

मी परत सांगितलं. त्या पुन्हा “काय?” म्हणाल्या, आणि मी पुन्हा सांगितलं.